नायट्रॉक्सवर १.४ ठेवू की १.६?

प्रश्न: ताई, नमस्कार. तारकर्लीला पहिल्यांदा स्कुबा केलं आणि वेडच लागलं, आता नायट्रॉक्सचा (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) कोर्सपण झालाय. डिसेंबरात अंदमानला चाललोय. ग्रुपमधला एकजण म्हणतो ३२ टक्के ऑक्सिजनवर डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये ऑक्सिजनच्या प्रेशरची मर्यादा १.६ बारला सेट कर, पार ४० मीटरपर्यंत जाता येतं, १.४ ला ३३ वरच बोंबलायला लागतो. सरांनी १.४ सांगितलेलं. कुणाचं ऐकू? आणि दिवसाला तीन डाइव्ह केल्या तर ऑक्सिजन जास्त होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सरांचं ऐक. मित्राचं गणित बरोबर आहे बरं का, ०.३२ ने १.६ ला भागलं की ५ बार येतात म्हणजे ४० मीटर (वरच्या हवेचा १ बार आणि मग दर १० मीटरला १), आणि १.४ ला ४.३७ म्हणजे ३३ च्या जरा पुढे. चूक गणितात नाही, १.६ कशासाठी आहे ते तो विसरलाय. तो आकडा अडीअडचणीसाठी, नाहीतर वर येताना एका जागी शांत थांबून डिकॉम्प्रेशन (अंगात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर जाऊ देणं) करणाऱ्यांसाठी असतो, पाय मारत मारत रीफ बघणाऱ्यासाठी नाही.

प्रेशर वाढलं की ऑक्सिजन विषासारखा वागतो हे पॉल बर्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच लिहून ठेवलंय. पण मला जास्त घाबरवतं ते दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश नेव्हीचं काम. केनेथ डोनाल्ड यांनी एकाच डायव्हरला एकाच खोलीवर शुद्ध ऑक्सिजनवर वेगवेगळ्या दिवशी उतरवलं, तर त्याला एकदा ७ मिनिटांत त्रास सुरू झाला आणि एकदा १४८ मिनिटांनी! माणूस तोच, पाणी तेवढंच. तिथे प्रेशर तुझ्या १.६ च्या जवळपास दुप्पट होतं हे खरं, पण मुद्दा कळला ना, "मागच्या वेळी मला काही झालं नाही" याला काडीची किंमत नाही. त्यात करंटमध्ये दम लागला, श्वास रोखून धरला, कार्बन डायऑक्साइड साठला की धोका आणखी वाढतो, म्हणून करंट असेल त्या दिवशी मी स्वतः १.३ धरते.

आणि हा त्रास म्हणजे डोकं दुखलं, वर आलो, असा नाही. कधी ओठ फडफडतात, कानात आवाज येतो, समोरचं नीट दिसत नाही, मळमळतं, पण बऱ्याचदा काही न सांगता सरळ फिटच येते. जमिनीवर फिट आलेला माणूस बहुतेक वेळा उठून बसतो, पाण्यात तोंडातून श्वास घ्यायचा रेग्युलेटर निसटला की बुडतो. सात मीटरसाठी कशाला हा सौदा?

शिवाय नायट्रॉक्स खोल जायला नाहीच मुळी, जास्त वेळ राहायला आहे. १८ मीटरवर ३२ टक्के घेतलंस तर नायट्रोजनच्या हिशोबाने तू हवेवर १४ मीटरवर असल्यासारखा. मजा तिथे आहे. (आणि ४० मीटरचं सर्टिफिकेट तरी आहे का रे तुझ्याकडे?)

तीन डाइव्हचं टेन्शन नको घेऊ. नोआ या अमेरिकन सरकारी समुद्र-हवामान संस्थेच्या तक्त्यात १.४ ला एका डाइव्हला १५० मिनिटं आणि २४ तासांत मिळून १८०, आणि तू १८-२० मीटरवर फिरणार म्हणजे ०.९ च्या आसपास, तिथे मर्यादा कितीतरी मोठी आहे, त्याआधी टाकी संपेल. फक्त १.६ ला एकदम ४५ मिनिटांवर येते, यावरूनच ओळख.

खरी गडबड कुठे होते सांगू, टाकीत. ३२ समजून ३६ ची उचललीस आणि ३३ मीटरवर गेलास तर तू १.५५ वर पोचलास, आणि कॉम्प्युटर गप्प, कारण त्याला तू ३२ सांगितलंयस. म्हणून ॲनलायझर (ऑक्सिजन मोजायचं यंत्र) स्वतः हातात घ्यायचा, आधी साध्या हवेवर २०.९ ला लावायचा, टाकी मोजायची, आकडा आणि किती खोल जायचं ती मर्यादा टाकीवरच्या पट्टीवर लिहून सही करायची, आणि मोजलेला तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये. बोटवाला घाई करतो, करू दे. माझ्याच एका ट्रिपला पट्टीवर ३२ होतं आणि मोजल्यावर ३५ निघालं, कुणी भरली कुणाला आठवत नव्हतं, मी बदलून मागितली तेव्हा बोटीवर सगळे माझ्याकडेच बघत होते.

आणखी एक, सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं, ते घेऊन नायट्रॉक्सवर जाऊ नये म्हणतात. तसंही सर्दीत कान मोकळे होत नाहीत, त्या दिवशी बोटीवर बसून राहा.