कोअर आणि मेमरी वेगवेगळी चढव
ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचं, तर आधी हे ध्यानात ठेव: खोक्यावर लिहिलेला बूस्ट क्लॉक, म्हणजे कामाच्या वेळी कार्ड गाठतं तो वेग, ही कमाल मर्यादा नव्हे. तापमान आणि विजेला वाव असेल तर कार्ड आपणहून त्याच्याही वर जातं. म्हणून आधी पॉवर लिमिट (कार्डाला किती वीज घेता येईल ती मर्यादा) वाढव, पंखे थोडे जोरात फिरव, मग कोअरचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा, वेग १५-१५ मेगाहर्ट्झने चढव. प्रत्येक पायरीला जड गेम अर्धा तास तरी चालव, पाच मिनिटांच्या टेस्टवर विसंबू नकोस.

मेमरी मात्र फसवी. जीडीडीआर६एक्स (काही कार्डांवरच्या मेमरीचा प्रकार) चुका पकडून डेटा पुन्हा पाठवते, त्यामुळे बऱ्याचदा स्क्रीनवर ठिपके येत नाहीत, गेमही बंद पडत नाही, फक्त फ्रेम गुपचूप घटतात. माझ्या कार्डावर मेमरीचा क्लॉक चढत होता आणि बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या टेस्टचा) स्कोअर उतरत होता! स्कोअर घसरला की लगेच मागे ये. आणि दुसऱ्याचे आकडे उचलू नकोस, एकाच मॉडेलची दोन कार्डंही सारखी चढत नाहीत.