अर्धवट राहिलेली पदवी पुरी करताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

जून उजाडला की तेच प्रश्न येऊ लागतात. विचारणाऱ्या बहुतेक लहान मुलांच्या आया असतात, काही बाबाही असतात. बहुतेकांनी आधी शेजारी, एजंट आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांना विचारून झालेलं असतं. गोंधळ तिथूनच सुरू होतो, म्हणून इथे एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : २०१० मध्ये मुंबई विद्यापीठात टी.वाय.बी.कॉम.चे दोन विषय राहिले. मुलं आता सात आणि चार वर्षांची आहेत. तेवढेच दोन पेपर देता येतील का? (डोंबिवली)

'हमखास देता येतात' असं ग्रुपवर कोणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका. तुमची परीक्षा वार्षिक पद्धतीची होती. २०११-१२ पासून विद्यापीठात क्रेडिट आणि सेमिस्टरची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. जुना अभ्यासक्रम बंद झाल्यावर त्याच्या परीक्षा कायम चालू राहत नाहीत. आज संधी आहे की नाही हे विद्यापीठाचं परिपत्रकच ठरवतं.

आधी कॉलेजच्या ऑफिसात जा. तिन्ही वर्षांच्या मार्कशीट न्या, नापासाचीसुद्धा. शेवटचं हॉल तिकीट आणि नोंदणी क्रमांकही हवा. अर्जात तीन गोष्टी विचारा : हे पेपर अजून होतात का, होत नसतील तर बदली पेपर कोणते, आणि तेही नसतील तर झालेल्या वर्षांची सूट मिळेल का. प्रतीवर आवक शिक्का घ्या. कॉलेजला सांगता आलं नाही तर तोच अर्ज घेऊन कलिन्याला परीक्षा विभागात जा. मार्कशीट हरवली असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून दुय्यम प्रत मागा. जुने गुण ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटचं ऑनलाइन खातं) आपोआप जमा झाले असतील असं धरून चालू नका, ती व्यवस्था २०२१ची आहे.

मात्र उत्तराची वाट पाहण्यात प्रवेशाचं सत्र घालवू नका. नकार आला, तर बारावीच्या मार्कशीटवर दूरस्थ पद्धतीने पहिल्या वर्षापासून सुरुवात करता येते. दोन पेपरांसाठी दहा वर्षं थांबण्यापेक्षा तीन वर्षांत नवी पदवी हातात येते.

प्रश्न : स्टेशनजवळचा क्लासवाला एका वर्षात मागील तारखेची पदवी देतो म्हणतो. घ्यावी का? (मालाड)

नाही. तीन वर्षांची पदवी एका वर्षात होत नाही. मागील तारखेचं प्रमाणपत्र बनावट असतं आणि ते वापरणाराही गुन्ह्यात अडकतो. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर तीन गोष्टी बघा : विद्यापीठाचं नाव, तुमचा अभ्यासक्रम आणि चालू सत्र. तिन्हीला मान्यता हवी. दूरस्थ अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला मनाई आहे. फी फक्त विद्यापीठाच्या पोर्टलवर भरा. मूळ मार्कशीट 'ठेवून घेतो' म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

प्रश्न : दूरस्थ पदवी एमपीएससीला चालते का? (परळ)

विद्यापीठ आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असेल तर चालते; त्या पदाच्या जाहिरातीतली विषयाची अट मात्र वाचा.

प्रश्न : बारावीची मार्कशीट माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. बाजूची म्हणते नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरेल. (भांडुप)

या बाबतीत सर्वांत जास्त हेळसांड होते, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडे लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. म्हणजे कागदावर ती वेगळीच व्यक्ती होते. पूर्वी हे प्रवेशाच्या खिडकीवर निभावून जायचं. आता दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी-आयडी लागतो, त्यासाठी एबीसी-आयडी, म्हणजे त्या क्रेडिट-खात्याचा क्रमांक, लागतो, आणि तो आधारवरून निघतो. म्हणून आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव समोरासमोर येतात. प्रवेश कसाबसा झाला तरी नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत तोच फरक पुन्हा उभा राहतो.

दोन सरळ मार्ग आहेत. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ज्यांनी अजून आधार बदललेलं नाही, त्यांनी पदवी हातात येईपर्यंत ते तसंच ठेवावं. ज्यांनी बदललं आहे, त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून राज्य शासनाच्या राजपत्रात (गॅझेटमध्ये) नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. नुसतं प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी मान्य होत नाही, राजपत्र होतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत हे त्यातून सिद्ध होतं. अर्ज भरताना जुनं नाव मार्कशीटवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, लिहा. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक जास्तीचं 'ए'सुद्धा पुढे नडतं. राजपत्राची प्रत जपून ठेवा, दर टप्प्यावर लागते.

राजपत्रामुळे बारावीच्या मार्कशीटवरचं नाव बदलत नाही, आणि तशी गरजही नाही. मात्र पदवीच्या मधल्या वर्षी नाव बदलू नका. पहिल्या वर्षाची मार्कशीट एका नावाची आणि तिसऱ्याची दुसऱ्या नावाची झाली, तर प्रमाणपत्राच्या वेळी धावाधाव तुमचीच होते. कोणत्या नावाने नोंदणी होईल हे प्रवेशापूर्वी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ केंद्र (पूर्वीचं आयडॉल, आताचं सीडीओई), एसएनडीटी, नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), कुठेही जाणार असाल तरी हे आधी करा.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. रोज किती वेळ लागेल? (घणसोली)

इग्नूच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट घेतले तर १२०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३. लहान मूल आणि शिफ्ट असताना हे जमवणं फार कठीण आहे, म्हणून 'तीन वर्षांतच करायची' हा हट्ट सोडा. इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला कमाल सहा वर्षं मिळतात. एका परीक्षेला झेपतील तेवढेच पेपर द्या.

बहुतेक जण पेपरात अडकत नाहीत, असाइनमेंटमध्ये अडकतात. त्या वेळेवर न दिल्यास निकाल अपुरा राहतो. इग्नूच्या सत्राअखेरच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनमध्ये आपल्याकडे शाळा उघडतात आणि मे महिना गावी जातो, हे धरून असाइनमेंट एप्रिलपूर्वीच संपवा. परीक्षा केंद्र निवडताना मूल सांभाळणारं माणूस जिथे राहतं, त्याच्या जवळचं घ्या. मुदतीच्या तारखा दर सत्रात अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या.

प्रश्न : रेग्युलर कॉलेजला एस.वाय.ला आहे, बाळंतपण परीक्षेच्या सुमारास येतंय. हजेरी कमी पडेल. (दादर)

डिसेंबर २०२१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांना विद्यार्थिनींसाठी बाळंतपणाची रजा, हजेरीत सूट आणि फॉर्मच्या मुदतीत सवलत यांचे नियम करायला सांगितलं आहे. पण ती सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून आजच प्राचार्यांना अर्ज द्या. बाळ झाल्यावर दिलेल्या अर्जाला 'आधी का नाही सांगितलं' हेच ऐकावं लागतं. आता परीक्षेला बसायचं की राहिलेले पेपर नंतर एटीकेटीच्या संधीत द्यायचे, हे डॉक्टर आणि परीक्षा विभाग दोघांशी बोलून ठरवा.

प्रश्न : बारावीच झाली नाही. (कुर्ला)

खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरा किंवा एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमधून बारावी करा. चालू वर्षाची मुदत वाशीच्या विभागीय मंडळात विचारा.

प्रश्न : नर्सिंग किंवा इंजिनीअरिंग घरबसल्या होतं का? (विरार)

होत नाही. तशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.