ज्याच्या आलेखात ते सूत्रच उमटतं म्हणतात, ते टपरचं सूत्र खरंच स्वतःचं चित्र काढतं का? स्वतःलाच छापणारा प्रोग्रॅम कसा लिहायचा?

चित्र येतं, पण गुपित सूत्रात नाही, 'क' या भल्यामोठ्या आकड्यात आहे; आलेख उभ्या अक्षावर क या उंचीपासून वर बघायचा. जेफ टपर यांची 2001 सालची ही असमानता (म्हणजे हे सूत्र) 106 ठिपके रुंद, 17 ठिपके उंच पट्टीत एवढंच तपासते: य ला (ठिपक्याच्या उंचीला) 17 ने भागून आलेली संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, लिहिली तर तिच्यातला अमुक अंक 1 आहे का? असेल तर ठिपका काळा. एकूण 1802 ठिपके, म्हणून मूळ चित्राचा क 543 अंकी.

स्वतःचं चित्र हवं असेल, तर सांगलीचा आयर्विन पूलच काढून बघा; लांबट, बुटक्या पट्टीत तो छान बसतो. आलेख कागदावर डावीकडचा रकाना खालून वर वाचा, मग पुढचा. काळ्याला 1, पांढऱ्याला 0. पहिला ठिपका एककाच्या जागी. तयार झालेली द्विमान संख्या गुणिले 17, हाच तुमचा क.

चित्र छापायला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत भागाकाराला एकच तिरपी रेघ (/) दिलीत तर एरर येईल, कारण एवढी संख्या दशांश प्रकारात मावतच नाही. दोन रेघा (//) द्या. आणि ओळी 16 पासून 0 कडे छापा, नाहीतर पूल उलटा दिसेल.

पण याला 'स्वतःचं चित्र' म्हणणं मला पटत नाही. चित्रात क कुठेच नाही, आणि सगळी माहिती तर क मध्येच आहे! स्वतःलाच छापणाऱ्या प्रोग्रॅमला अशी सूट नसते. त्याची युक्ती या वाक्यात बघा:

पुढचा मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणात: "पुढचा मजकूर दोनदा लिहा, दुसऱ्यांदा अवतरणात:"

सांगितलंय तसं करा, हेच वाक्य परत मिळेल. एकच मजकूर एकदा सूचना म्हणून, एकदा माल म्हणून वापरला. तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांच्या अपूर्णतेच्या प्रमेयाच्या 1931 च्या सिद्धतेतही गाभा हाच आहे.

पायथनमध्ये दोन ओळी पुरतात. पहिलीत 'स' या चलात साचा ठेवा, दुसरीत त्या साच्यात स स्वतःच भरून छापा. साच्यात दोन्ही ओळींचा मजकूर हवा आणि स च्या किमतीच्या जागी टक्का-आर (%r), म्हणजे 'इथे किंमत अवतरणासकट भर' ही खूण. टक्का-एस (%s) लिहिलंत तर अवतरणचिन्हं गळतात. नुसतं टक्क्याचं चिन्ह हवं तिथे ते दोनदा लिहा. साच्याला दुहेरी अवतरण देऊ नका. पायथन छापताना एकेरी देतो आणि तिथेच फरक पडतो. फाइलच्या शेवटी नेमकी एकच नवी ओळ ठेवा.

नुसतं डोळ्यांनी ताडू नका. आउटपुट दुसऱ्या फाइलमध्ये घ्या आणि दोन फाइलींतला फरक दाखवणारी डिफ ही आज्ञा चालवा; काहीच छापलं नाही तर जमलं.