जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर दीड लाखात नवं होईल का?

होईल. तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग पंचवीस-तीस वर्षांची, स्वयंपाकघर आठ बाय सात, कडप्प्याचा ओटा, खाली कडप्प्याचेच कप्पे, आणि मॉड्युलरवाल्याने सगळं फोडून नवं करायचे साडेतीन लाख सांगितलेत. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या अशाच सोसायट्यांमध्ये साइट सुपरवायझर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून कळकळीने सांगतो, तो ओटा फोडू नका.

कडप्प्याला वाळवी लागत नाही आणि तो पाण्याने फुगत नाही. मॉड्युलरमध्ये त्याच जागी तुम्ही प्लायचे किंवा पार्टिकल बोर्डचे खोके विकत घेता. सिंकखाली एकदा गळती झाली की पार्टिकल बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तुमच्याकडे दगडाचे कप्पे आयते उभे आहेत. त्यांत ट्रॉल्या, पुढे दारं आणि वरून ग्रॅनाइट एवढंच हवंय. शिवाय फोडायचं म्हटलं की तोडफोडीची मजुरी, राडारोडा गोण्यांत भरून खाली उतरवणं, टेम्पो हे सगळं आलं. ओटा निघताना भिंतीच्या टाइल्सही उखडतात. कोटेशनमध्ये यातलं बरंचसं लिहिलेलं नसतं.

पैसे आधी भिंतीच्या आत घाला. एवढ्या जुन्या घरात पाण्याचे पाइप बहुतेक जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात आणि आतून गंजून निम्मे बुजलेले असतात. ते काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे पाइप टाकून घ्या. प्लंबरला सांगा की लाइन प्लास्टरने झाकण्याआधी नळांची तोंडं बंद करून रात्रभर प्रेशरवर ठेवायची. सकाळी एखाद्या जोडावर ओल दिसली तर तेव्हाच निस्तरता येते. टाइल लागल्यावर तीच ओल खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून दिसते.

विजेचंही तसंच. २००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते. ६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नाही. ओट्यावर १६ अँपिअरचे निदान दोन पॉइंट घ्या, निदान २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरवर आणि सिंकपासून लांब. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच नसेल तर तो बसवून घ्या. ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या माणसासाठी त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

टाइल्सवर मात्र बराच खर्च वाचतो. एक नाणं घ्या आणि जुन्या टाइल्सवर एकेक करून टकटक वाजवत जा. भरीव आवाज आला तर ती घट्ट आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर तेवढीच काढून जागा भरून घ्या. बाकीच्यांवर टाइल ॲडहेसिव्हने नवी टाइल चिकटवता येते. साधं सिमेंट वापरू देऊ नका, गुळगुळीत टाइलवर ते धरत नाही. भिंत अर्धा इंच पुढे येते, म्हणून इलेक्ट्रिशियनला स्विचबोर्डचे बॉक्स आधीच पुढे घ्यायला सांगा. आणि टाइल्स छतापर्यंत नेऊ नका. ओट्यावर दोन फूट पुरे, वर चांगला धुता येणारा रंग लावा. शेगडीमागे टाइल्सच्या फटी भरायला तेवढं एपॉक्सी ग्राउट घ्या. साध्या ग्राउटमध्ये फोडणीचं तेल आणि हळद शिरली की निघत नाही.

ग्रॅनाइट कडप्प्यावरच बसतं. दगड आणि खालचा माल धरून ओटा साधारण दीड इंच वर येईल, आणि जुने ओटे बहुतेक बुटकेच असल्याने ते फायद्याचं ठरतं. जी व्यक्ती जास्त वेळ स्वयंपाक करते तिला ओट्यापाशी उभं करा, कोपर वाकवायला सांगा, कोपरापासून चार इंच खाली मोजा. ओटा साधारण तिथे यायला हवा. दुकानदार ३४ इंच म्हणतो म्हणून ३४ करू नका. पाच फुटाच्या बाईला त्या ओट्यावर परातीत कणीक मळताना खांदे उचलावे लागतात, रोज, आयुष्यभर. ग्रॅनाइटवाल्याकडून दोन गोष्टी आठवणीने करून घ्या. सिंकच्या कटाउटमध्ये जोड येऊ द्यायचा नाही, आणि पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारायची, म्हणजे सांडलेलं पाणी तिथेच ठिबकतं, दारांवर ओघळत नाही.

आता ट्रॉल्या. कडप्प्याचे कप्पे कधीच काटकोनात नसतात. प्रत्येक कप्प्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, पुढून मोजा आणि मागूनही मोजा. सगळ्यांत कमी येईल तेच माप धरा. त्यातून दोन्ही बाजूंच्या चॅनलचा, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांचा, मिळून एक इंच जातो. कडप्प्यात स्क्रू नीट धरत नाही, त्यामुळे बाजूला पट्टी किंवा फ्रेम लावून तिच्यावर चॅनल बसवावे लागतात. तीही जागा खाते. म्हणून बाजारातून तयार बास्केट उचलू नका, ट्रॉलीवाल्याला घरी बोलावून माप घ्यायला लावा. स्टील ३०४ ग्रेडचं घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. काही जण लोहचुंबक लावून दाखवतात. त्यावर जाऊ नका, २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि २०२ लवकर गंजतं. सगळ्या कप्प्यांत ट्रॉल्या लागतही नाहीत. डबे, ताटं-वाट्या आणि चमचे यांच्यापुरत्या करा, बाकी कप्प्यांना नुसती दारं लावा. दारांना ॲल्युमिनियमची चौकट स्वस्त पडते. प्लायच हवा असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का बघून घ्या आणि चारही कडांना एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी लावून घ्या. सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या पुढेमागे कधीही बदलता येतात, आत्ता सोडा.

सिंक एकाच भांड्याचं, पण मोठं घ्या, २४ बाय १८ इंच. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये आपली कढई आणि परात मावत नाही.

गॅसबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. सिलिंडर दाराआड ठेवणार असाल तर त्या दाराला अगदी खाली, जमिनीलगत जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने त्याला बाहेर पडायला वरच्या बाजूला वाट ठेवावी लागते. पाइपलाइन सरकवायची असेल तर कंपनीचाच माणूस बोलवा, आणि ती टाइल्सच्या आत गाडू देऊ नका.

पैशांची ढोबळ विभागणी अशी धरा: पाणी आणि वीज ३५ हजार, टाइल्स आणि रंग २५, ग्रॅनाइट आणि सिंक ३०, ट्रॉल्या आणि दारं ४५. उरलेले १५ हजार हाताशी ठेवा, जुन्या घरात काही ना काही निघतंच. गावागणिक दर बदलतात, पण पाणी-विजेच्या पैशांतून काढून ट्रॉल्या-दारांत घालू नका. चिमणी या हिशेबात नाही. ती पुढच्या दिवाळीला घेतली तरी चालेल, फक्त तिचा प्लग पॉइंट आणि डक्टचं भोक आत्ताच करून ठेवा. तोवर एक्झॉस्ट फॅन पुरे.

कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि दहा टक्के मागे ठेवा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा, खाली टॉर्च धरून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा, सगळ्या ट्रॉल्या भरलेल्या डब्यांसकट ओढून बघा. आठ-पंधरा दिवस असं वापरून झालं की मग ते दहा टक्के द्या.