कोणाच्या हाताखाली?

प्रिय मुला,

तुझी एक्सेल फाइल काल रात्री उघडली. अकरा विद्यापीठं, सतरा रकाने. क्रमवारी, फी, राहण्याचा खर्च, व्हिसा, नोकरीची शक्यता, हवामान. हवामानाला तू पाचापैकी गुण दिलेस, ते बघून हसू आलं. पण सतरा रकाने पालथे घातले तरी एकही माणूस सापडला नाही. या अकरा ठिकाणी तू कोणाच्या हाताखाली शिकणार आहेस? विद्यापीठाचं नाव मला नको, माणसाचं सांग.

फोनवर म्हणालास, "मॅडम, डोकं चालेनासं झालंय. परदेशी शिकायला जाऊ की नको, एवढंच सांगा." ते मी सांगणार नाही. तू हुशार आहेस, तुला जमेल, असलंही काही लिहीत बसत नाही, ते तुला ठाऊक आहे.

क्रमवारीचा रकाना तू सगळ्यात आधी ठेवलास, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते. जगभरातल्या विद्यापीठांच्या शांघाय क्रमवारीत 30 टक्के गुण तिथल्या माजी विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना मिळालेल्या नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकासारख्या मानांचे असतात. क्यूएस या दुसऱ्या क्रमवारीत 30 टक्के अभ्यासकांमधल्या नावलौकिकाचे, तेही सर्वेक्षणातून काढलेले. आता सांग, यातलं काय मंगळवारी सकाळी तुझा फसलेला प्रयोग बघायला येणार आहे? 1824 मध्ये क्रमवारी असती तर जर्मनीतल्या गीसनचं नाव कोणी घेतलं नसतं. लहानसं गाव, लहानसं विद्यापीठ. त्या वर्षी 21 वर्षांचा लीबिग तिथे रसायनशास्त्र शिकवायला आला आणि पुढे देशोदेशीची मुलं त्याच्या प्रयोगशाळेत येऊ लागली. पुढे मोठा रसायनशास्त्रज्ञ झालेला केकुले तिथे वास्तुकला शिकायला गेला होता. लीबिगची व्याख्यानं ऐकली आणि गडी रसायनाकडे वळला. जर्मन भाषेत पीएचडीच्या मार्गदर्शकाला डॉक्टरफाटर म्हणतात, पदवीचा बापच. बाई असेल तर डॉक्टरमुटर. उगाच नाही म्हणत.

व्हिसाच्या रकान्यात तू चांगली मेहनत घेतली आहेस. अमेरिकेत पदवीनंतर 12 महिने कामाची मुभा, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी 24, हे बरोबर. त्यापुढे एचवनबी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: 65,000 जागा आणि तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी 20,000 जादा. हेही बरोबर. पण नियमांच्या भरवशावर आयुष्य आखू नकोस. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याचा व्हिसा 2012 मध्ये बंद केला आणि 2021 मध्ये तशीच वाट पुन्हा उघडली. मधल्या नऊ वर्षांत गेलेल्या मुलांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? सरकार बदललं की तुझा अर्धा रकाना पुसला जातो. "प्रोफेसरही विद्यापीठ सोडून जातात की," असं तू म्हणशीलच. जातात. निवृत्त होतात, आजारी पडतात. म्हणून आधीच विचारायचं: पुढची दोन-तीन वर्षं तुम्ही इथेच आहात का? हे विचारायला लाज कसली?

पैशाचं थोडक्यात सांगते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या मुलांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो भरावे लागतात, आणि तुझ्या यादीतलं एक विद्यापीठ तिथलंच आहे. ते दुरुस्त कर. ब्रिटनमधलं मास्टर्स एका वर्षात आटोपतं म्हणून तुला स्वस्त वाटतंय. त्या वर्षात वर्ग, परीक्षा आणि प्रबंध कोंबलेले असतात. तुझी कोणाशी धड ओळख होईपर्यंत निरोपाचे फोटो काढायची वेळ येते. अमेरिकेत मास्टर्सचा खर्च बहुतेकांना स्वतःच उचलावा लागतो. पीएचडीला मात्र चांगल्या विभागांत फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगारही मिळतो. तिथे पदवीनंतर थेट पीएचडीला प्रवेश मिळू शकतो, हे तुझ्या फाइलमध्ये नाहीच. कर्ज काढायला माझी ना नाही. पण डोक्यावर कर्ज असलं की पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि ज्या प्रश्नासाठी तू निघालास तो सामानातच राहतो. माझा राहिला.

ते तुला कधी सांगितलेलं नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी काँक्रीटचे 24 ठोकळे ओतले होते, प्रत्येकात एक सळई. मिठाच्या पाण्यात बुडवायचे, वाळवायचे, पुन्हा बुडवायचे. आठ महिन्यांनी फोडले. 21 सळयांचा गंज आलेखावर छान रेषेत बसला. तीन मात्र जवळजवळ कोऱ्या निघाल्या. त्या मी गाळल्या आणि तळटीप टाकली: मापनातील त्रुटी. प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. परदेशी अर्ज करताना तोच अहवाल सगळीकडे जोडला. एका लहान विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं दोन पानी पत्र आलं. कौतुकाचा शब्द नाही. तळटीप क्रमांक चारबद्दल विचारलं होतं: त्या तीन ठोकळ्यांचं काय केलंस? टाकून दिले नसशील तर येताना तुकडे घेऊन ये.

मला राग आला. बक्षीस मिळालेल्या कामात हा गृहस्थ खुसपट काढतोय! त्याच आठवड्यात एका मोठ्या नावाच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, जाड कागद, उठावाची मुद्रा. मी तिकडे गेले. वर्गात 140 जण. प्रबंधाचा मार्गदर्शक यादी लावून वाटून दिला. वर्षभरात तीनदा भेट झाली, आणि तिसऱ्या भेटीत त्यांनी मला माझं नाव पुन्हा विचारलं.

म्हणून काही वाटोळं झालं नाही, उगाच हळहळू नकोस. त्या नावावर पहिली नोकरी मिळाली, कर्ज चार वर्षांत फिटलं, पुढे पूल उभे केले आणि ते नीट उभे आहेत. रात्रभर उघडं असणारं ग्रंथालय मला तिथेच भेटलं. आपल्याला इथे कुणी ओळखत नाही, याचं सुखही तिथेच कळलं. हे फायदे खरे आहेत, तुझ्या रकान्यांत नसले तरी. आणि मला सांगणारं तेव्हा होतं कोण? घरात परदेशी शिकायला गेलेली पहिली मीच. जाड कागदाला भुलले तर भुलले. पण ते ठोकळ्यांचे तुकडे मी निघायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेमागच्या ढिगाऱ्यावर टाकले. त्या तीन सळया का गंजल्या नाहीत, हे मला आजही माहीत नाही. गंज थांबवण्याच्या कामातच माझी 26 वर्षं गेली.

तुला वाटेल, मॅडम भावनिक झाल्या. बरं, मग हे बघ. डॉ. आंबेडकर लंडनला अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या हाताखाली होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध 1923 मध्ये छापून आला. प्रस्तावना कॅनन यांची. तीत ते सरळ लिहितात की यांचे बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत, पण जिथे हे पूर्ण चुकले असं मला वाटलं तिथेही विचारांत ताजेपणा आहे. न पटणाऱ्या विद्यार्थ्याच्या ग्रंथाला आपलं नाव देणारा असा माणूस शोध. मग तो कुठल्याही देशात असो. इथे, तुझ्या शेजारच्या इमारतीत सापडला, तर विमानाचं तिकीट काढू नकोस. आणि कुठेच सापडला नाही, तर या वर्षी जाऊ नकोस. वर्ष वाया जाईल म्हणून रडू नकोस.

शोधायचा कसा? त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघड आणि आधी आभाराचं पान वाच. दोन ओळींत उरकलेले आभार आणि मनापासून लिहिलेले आभार लगेच ओळखू येतात. विद्यार्थ्यांना पदवी घ्यायला किती वर्षं लागली ते मोज. सोडून गेलेल्या एखाद्याला गाठ, कारण आत असलेला सगळं छानच सांगतो. आठवड्यात किती वेळा भेटतात, लेखावर पहिलं नाव कोणाचं, हे विचार. चाळीस जणांना एकच ईमेल पाठवायचा चावटपणा बंद. एकाच माणसाचा एकच लेख वाच, त्यातली एखादी न पटलेली आकृती घे आणि तिच्याबद्दल लिही.

आता तुझ्या फाइलमधली नववी ओळ. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलंयस: "प्रोफेसरांनी स्वतः कॉल केला, 40 मिनिटं, प्रोजेक्टमधल्या चुकीवरच बोलत होत्या. असिस्टंटशिप देतायत." एवढं लिहिलंस, पण त्यांचं नाव लिहावंसं तुला वाटलं नाही! क्रमवारीत खाली म्हणून नववा नंबर. अरे, काय करू तुझं? वर विभागाचा कारकून दहा दिवसांत उत्तर मागतोय म्हणून तू घाबरलास. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एका ठरावावर सही केली आहे: अशा आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला 15 एप्रिलपूर्वी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. हे विद्यापीठ त्या यादीत आहे का बघ, असेल तर तसं नम्रपणे कळव.

त्या बाईंना मात्र आजच लिही. त्यांनी दाखवलेली चूक तू पुन्हा तपासलीस का, तपासल्यावर काय निघालं, एवढंच. आणि त्यांचं नाव काय, ते मला कळव.

तुझी
मॅडम