माझं एझेड-१०४ (मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअर क्लाउडचं असोसिएट पातळीचं सर्टिफिकेट) दोन महिन्यांत संपतंय. पुन्हा फी भरून परीक्षा द्यावी लागेल का?

नाही. मुदत संपायच्या आत केलंत तर रिन्यूअल फुकट आहे आणि घरबसल्या होतं. असोसिएट, एक्स्पर्ट आणि स्पेशालिटी ही मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेट्स एका वर्षाची असतात. (एझेड-९०० सारख्या प्राथमिक पातळीच्या फंडामेंटल्सला मुदतच नाही, ते सोडून द्या.) संपण्याच्या तारखेआधी सहा महिने रिन्यूअलची खिडकी उघडते, म्हणजे तुमची कधीच उघडली आहे. लवकर केल्याने दिवस वाया जात नाहीत. तारीख १० ऑक्टोबर २०२६ असेल, तर एप्रिलमध्ये पास झालात तरी पुढची मुदत १० ऑक्टोबर २०२७ चीच मिळते.

लोक अडकतात ते अभ्यासात नाही, अकाउंटमध्ये. परीक्षा ऑफिसच्या मेल आयडीवर दिलेली असते, नोकरी बदलली की लॉगिन बंद, आणि आठवणीचे मेलही त्याच बंद पेटीत पडतात. म्हणून आजच मायक्रोसॉफ्ट लर्नवर (मायक्रोसॉफ्टची शिकण्याची साइट) लॉगिन करून प्रोफाइलमध्ये सर्टिफिकेट दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर सेटिंग्जमध्ये वैयक्तिक अकाउंटही जोडून टाका. दिसत नसेल तर सर्टिफिकेशन सपोर्टकडे प्रोफाइल जोडून देण्याची विनंती टाका. त्यात दिवस जातात, हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

रिन्यूअल म्हणजे एक ऑनलाइन टेस्ट. तिला पर्यवेक्षक नसतो, कॅमेरा नसतो, पुस्तक उघडं ठेवलं तरी चालतं. पण वेळ मोजका असतो, प्रत्येक प्रश्न शोधत बसलात तर पुरत नाही. प्रश्नांचा रोख बदललेल्या गोष्टींवर असतो, त्यामुळे जुन्या नोट्स दगा देतात: त्यातली अ‍ॅझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर्सचं लॉगिन सांभाळणारी सेवा) २०२३ पासून एन्ट्रा आयडी झाली आहे. रिन्यूअलच्या पानावरच विषयवार मोफत मोड्यूल्स दिलेली असतात, तीच वाचा. पहिल्यांदा नापास झालात तर लगेच पुन्हा देता येते, दुसऱ्यांदाही गेली तर त्यानंतर दर वेळी २४ तास थांबावं लागतं. दोन प्रयत्नांच्या मधे निकालात कुठला विभाग कच्चा दाखवलाय ते बघा, लगेच पुन्हा टेस्टचं बटण दाबू नका.

मुदत यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ) रात्री ११:५९ ला संपते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९. त्यानंतर मुदतवाढ मिळत नाही, सरळ पूर्ण एझेड-१०४ फी भरून द्यावी लागते.