वाचकांचे प्रश्न : स्नेलला का काढले?

प्रश्न : २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) सहाव्या सामन्यात डॉजर्सविरुद्ध टॅम्पा बे रेजचे व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेलला सहाव्या डावातच बाहेर काढले. हा निर्णय योग्य होता का?

उत्तर : माझ्या मते मुळीच नाही. संघ १-० ने पुढे होता, स्नेलने ७३ चेंडूंत ९ वेळा फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते आणि डॉजर्सचे पुढचे तिघे फलंदाज, बेट्स, सीगर व टर्नर, त्याच्यासमोर प्रत्येकी दोनदा तसेच बाद झाले होते. एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना फलंदाजांची नजर बसलेली असते, हा कॅश यांचा तर्क सरासरीत खरा आहे; परंतु त्या रात्री स्नेलचा चेंडू कसा पडत होता, हे सरासरी सांगत नाही. शिवाय बदली आलेला निक अँडरसन आधीच्या सामन्यांतही धावा देत आला होता. बेट्सने त्याला लगेच डबल (दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचवणारा फटका) मारला, त्याच डावात डॉजर्सने आघाडी घेतली आणि सामना ३-१ ने जिंकून विजेतेपद मिळवले.